फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर (एफएनपी) व्हायचंय? कॉलेज शोधण्याआधी प्रीसेप्टर शोधा

अमेरिकेतल्या मराठी सिस्टर्सकडून मला हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "ताई, एफएनपी करायचंय, कुठलं कॉलेज स्वस्त पडेल?" फीचा विचार करायलाच हवा, पण सुरुवात तिथून करू नका. या पदवीचं खरं शिक्षण दवाखान्यात होतं, प्रीसेप्टरच्या, म्हणजे हाताखाली घेऊन शिकवणाऱ्या अनुभवी नर्स प्रॅक्टिशनर किंवा डॉक्टरच्या, शेजारी उभं राहून पेशंट तपासताना. या प्रत्यक्ष कामाचे ठरावीक तास कुठे भरायचे, कोणाकडे भरायचे आणि ती जागा मिळवून कोण देणार, हे आधी ठरलं की कॉलेज, फी, नोकरीची वेळ या गोष्टी त्यामागून सुटत जातात. मी फॅमिली क्लिनिकमध्ये काम करते आणि विद्यार्थ्यांना शिकवते. हुशार, कष्टाळू मुली केवळ प्रीसेप्टर मिळाला नाही म्हणून सेमिस्टर गमावताना पाहते आणि जीव तुटतो. म्हणून हा लेख त्या बाजूने लिहिला आहे.

हे काम नेमकं काय आहे

१९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तो लहान मुलांपुरता होता. आजची फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर तान्ह्या बाळापासून नव्वदीच्या आजीपर्यंत सगळ्यांना तपासते, निदान करते, रक्ताच्या तपासण्या आणि एक्सरे सांगते, औषधं लिहून देते आणि पुढच्या भेटीला तोच पेशंट पुन्हा बघते.

एक गोष्ट इथेच तपासून घ्या. तुमचा जीव आयसीयूत रमत असेल, व्हेंटिलेटर आणि ड्रिप्स सोडवत नसतील, तर एफएनपी तुमच्यासाठी नाही. त्यासाठी अॅक्यूट केअरचा वेगळा ट्रॅक असतो. "एफएनपी केलं की सगळीकडे चालतं" असं सांगणारे भेटतील, पण एफएनपीचं प्रशिक्षण प्राथमिक उपचारांचं असतं आणि हॉस्पिटलं आता नेमणूक करताना हे बारकाईने बघतात. मानसिक आरोग्याचा ट्रॅकही स्वतंत्र आहे.

आणि हो, पुढे भारतात परतून हेच काम करायचा विचार असेल तर थांबा. इंडियन नर्सिंग काउन्सिलने क्रिटिकल केअर, मिडवाइफरी अशा क्षेत्रांत नर्स प्रॅक्टिशनरचे अभ्यासक्रम आणले आहेत, पण दवाखान्यात बसून सगळं कुटुंब तपासणारी परवानाधारक एफएनपी ही भूमिका तिथे नाही. ही पदवी अमेरिकेत राहून काम करणाऱ्यांसाठी आहे.

पहिला टप्पा: आरएन

आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स हातात असेल तर हा भाग सोडून द्या. नसेल तर सुरुवात कागदपत्रांपासून. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मार्कशीट, कॉलेजकडून विषयवार थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास, आणि महाराष्ट्र नर्सिंग काउन्सिलकडून रजिस्ट्रेशनची पडताळणी, हे सगळं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेकडे थेट जावं लागतं. तुम्ही हाताने नेऊन दिलेलं चालत नाही. सीजीएफएनएस ही त्यातली सर्वात परिचित संस्था; २०२५ पासून तिचं नाव ट्रूमेरिट झालं आहे. कॉलेजच्या ऑफिसात आपलं पाकीट महिनोन्महिने पडून राहू शकतं, तेव्हा गावाकडचं कुणीतरी माणूस पाठपुराव्याला ठेवा. फोनवर "पाठवतो मॅडम" ऐकून निर्धास्त होऊ नका.

मराठी मुलींना हमखास नडते ती नावाची बाब. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. इथल्या फॉर्मवर "फर्स्ट नेम" म्हणून आडनावच जाऊन बसतं आणि पुढे प्रत्येक कागद वेगळ्या बाईचा वाटतो. विवाह प्रमाणपत्र, नाव बदलाचं राजपत्र आणि "या दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र एका फाइलमध्ये तयार ठेवा. हीच फाइल पुढे कॉलेजला, सर्टिफिकेशनला, लायसन्सला, सगळीकडे लागते.

त्यानंतर एनक्लेक्स, म्हणजे आरएन लायसन्सची परीक्षा. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या स्वरूपात किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न येतात, वेळ पाच तास. यात केस स्टडीवरचे प्रश्न असतात, नुसतं पाठांतर कामाला येत नाही.

बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक केलेल्यांची पदवी साधारणपणे इथल्या बीएसएनच्या (नर्सिंगच्या पदवीच्या) बरोबरीची धरली जाते, पण ते मूल्यमापनाच्या अहवालातच कळतं. जीएनएम (डिप्लोमा) असाल तर आधी आरएन ते बीएसएन पूर्ण करा किंवा थेट एमएसएनपर्यंत (नर्सिंगच्या मास्टर्सपर्यंत) नेणारा ब्रिज अभ्यासक्रम बघा.

व्हिसा: कॉलेज निवडण्याआधीचा प्रश्न

एफ-वन विद्यार्थी व्हिसावर असाल तर पूर्णवेळ शिकावं लागतं आणि एका सत्रात ऑनलाइनचा फक्त एकच विषय, जास्तीत जास्त तीन क्रेडिट, त्या पूर्णवेळेत धरला जातो. एफएनपीचे कितीतरी अभ्यासक्रम जवळजवळ संपूर्ण ऑनलाइन असतात, म्हणजे ते आपोआप बाद. वर्गात बसून शिकवणारं कॉलेजच शोधावं लागेल.

एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच-वन-बी व्हिसावरून मिळालेल्या व्हिसावर, शिकायला आडकाठी नाही. अर्धवेळ शिका, ऑनलाइन शिका. अडचण दुसरीच आहे. बहुतेक कॉलेजं प्रवेशाआधी आरएन म्हणून एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात आणि एच-फोरवर ईएडी (काम करण्याचा परवाना) असल्याशिवाय नोकरी करता येत नाही. नवऱ्याचा आय-१४० (ग्रीनकार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला असेल तर ईएडीसाठी अर्ज करता येतो. तोवर महाराष्ट्रातला वॉर्डचा अनुभव ग्राह्य धरता का, हे कॉलेजला लेखी विचारा. काही धरतात.

एक दिलासा देणारी बाब फारशी कुणी सांगत नाही. साध्या आरएनच्या नोकरीवर सहसा एच-वन-बी हा कामाचा व्हिसा मिळत नाही, कारण त्या पदाला पदवी अनिवार्य मानली जात नाही. नर्स प्रॅक्टिशनरचं पद मात्र त्या व्याख्येत बसतं. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीनकार्डच्या ईबी-थ्री रांगेत भारतीय नर्सेसची दशकाहून जास्त वाट बघण्याची वेळ असते, तिथे हा फरक मोठा आहे. मात्र सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर १ लाख डॉलरचा भार टाकला, म्हणून आपापल्या परिस्थितीत काय लागू होतं हे इमिग्रेशन वकिलाला पैसे देऊन विचारा. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या सल्ल्यावर एवढा मोठा निर्णय घेऊ नका.

एमएसएन की डीएनपी

एमएसएन साधारण दोन ते तीन वर्षं, बीएसएनपासून थेट डीएनपी (नर्सिंगची डॉक्टरेट) तीन ते चार. दोन्हींतून एफएनपीची परीक्षा देता येते, लायसन्स तेच मिळतं आणि दवाखान्यात पेशंटसमोर दोघी सारख्याच. माझं स्पष्ट मत असं की घर, मुलं आणि नोकरी सांभाळून शिकणार असाल, तर आधी एमएसएन करून कामाला लागा. शिकवण्याची किंवा नेतृत्वाची ओढ असेल तर डीएनपी नंतर करता येते, पुष्कळदा नोकरी देणाऱ्याच्या पैशाने. अडचण एवढीच की काही ठिकाणी एमएसएनचा पर्यायच उरलेला नाही. न्यू जर्सीतलं रटगर्स आणि सिॲटलचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन एफएनपी डीएनपीच्या वाटेनेच शिकवतात.

कॉलेज आणि प्रीसेप्टर

आधी मान्यता. सीसीएनई, एसीईएन किंवा सीएनईए या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीची मान्यता नसेल तर पुढे बघूच नका. सर्टिफिकेशनच्या परीक्षेला बसता येणार नाही.

मग तासांचा हिशेब. २०२२ च्या राष्ट्रीय मानकांनी पेशंटच्या प्रत्यक्ष उपचारातले किमान ७५० तास ठरवले आहेत, आधी ते ५०० होते. डीएनपीला साधारणपणे बीएसएननंतरचे एकूण १,००० तास भरावे लागतात. ७५० तास १५ आठवड्यांच्या चार सेमिस्टरमध्ये वाटले तर आठवड्याला साडेबारा तास येतात, म्हणजे दवाखान्याचा दीड दिवस. तीन सेमिस्टरमध्ये बसवले तर जवळजवळ १७ तास, पूर्ण दोन दिवस. आणि दवाखाने उघडे असतात सोमवार ते शुक्रवार, नऊ ते पाच. "मी शनिवार-रविवारी तास भरीन" हे बहुतेकींचं गणित इथेच कोलमडतं. आठवड्याला तीन बारा तासांच्या ड्युट्या करणाऱ्यांनी त्या शुक्रवार ते रविवारकडे सरकवता येतील का, हे मॅनेजरशी प्रवेशाआधीच बोलून ठेवावं.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. प्रवेश समितीच्या माणसाला ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील: क्लिनिकलची जागा तुम्ही देता की विद्यार्थ्याने शोधायची? देत असाल तर माझ्या घरापासून किती मैलांच्या आत? मी शोधलेला प्रीसेप्टर ऐनवेळी मागे हटला तर तुम्ही काय करता? मागच्या बॅचमधल्या किती जणींचं सेमिस्टर जागेअभावी लांबलं? "आम्ही मदत करतो" या उत्तराचा अर्थ पुष्कळदा एक जुनी यादी पाठवतो, एवढाच असतो. जागा देण्याची लेखी हमी देणारं कॉलेज थोडं महाग असलं तरी घ्या. पैसे घेऊन प्रीसेप्टर जुळवून देणाऱ्या कंपन्याही आहेत, आणि तो खर्च जोडला की स्वस्त कॉलेज स्वस्त राहत नाही.

स्वतः शोधायचं असेल तर प्रवेशाच्या वर्षभर आधी लागा. तुमच्या हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागातल्या नर्स प्रॅक्टिशनर, मुलांचे डॉक्टर, तुमच्या स्वतःच्या फॅमिली डॉक्टरांचं क्लिनिक, जिल्ह्यातलं सामुदायिक आरोग्य केंद्र, कुणालाही विचारायला लाजू नका. मराठी मंडळातल्या ओळखी इथे कामी येतात. कुणाची बहीण, कुणाचा भाचा डॉक्टर असतोच. मात्र रोटेशन वेगवेगळी लागतात, प्रौढांचं, मुलांचं, स्त्रियांच्या आरोग्याचं, वृद्धांचं. मुलांची आणि स्त्रियांच्या आरोग्याची जागा सर्वात दुर्मीळ, म्हणून आधी तीच पकडा.

ऑनलाइन कॉलेज दुसऱ्या राज्यातलं असेल तर ते तुमच्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना घेऊ शकतं का, आणि ती पदवी तुमच्या राज्याच्या बोर्डाला चालते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्ही विचारा. क्लिनिकल ज्या राज्यात करणार तिथलं आरएन लायसन्स लागतं. अनेक राज्यांत चालणारं कॉम्पॅक्ट लायसन्स असेल तर काम सोपं, पण कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि इलिनॉय त्यात नाहीत.

अर्ज

बहुतेक ठिकाणी ३.० जीपीए, संख्याशास्त्राचा एक विषय, तीन शिफारसपत्रं आणि स्वतःविषयीचा निबंध लागतो. जीआरई ही प्रवेश परीक्षा आता बऱ्याच ठिकाणी मागत नाहीत. आपल्याकडे मार्क कंजूषपणे देतात, म्हणून ६२ टक्के बघून आधीच खचू नका. विषयवार मूल्यमापनात जीपीए अपेक्षेपेक्षा चांगला निघू शकतो. निबंधात "मला लहानपणापासून सेवेची आवड" हे वाक्य नको. तुम्ही सांभाळलेला एखादा पेशंट घ्या, तिथे तुमच्या अधिकारापलीकडे काय होतं ते सांगा, आणि ते करायला शिकायचं आहे म्हणून अर्ज करते आहे, असं लिहा.

पैसे

फी क्रेडिटवर मोजा. क्रेडिटला ७०० डॉलर आणि अभ्यासक्रम ४८ क्रेडिटचा असेल तर नुसती शिकवणी फी ३३,६०० डॉलर होते. त्यावर क्लिनिकल फी, तासांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, कॅम्पसला जाण्या-येण्याचा खर्च, परीक्षेची तयारी, आणि कमी केलेल्या ड्युट्यांचा बुडालेला पगार. हा शेवटचा आकडा पुष्कळजणी धरतच नाहीत, आणि तोच सर्वात मोठा असू शकतो.

हॉस्पिटलं फीला मदत करतात. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतची मदत करमुक्त असते. बदल्यात किती वर्षं बांधून घेतात ते वाचा. सरकारी कर्ज नागरिकांना आणि ग्रीनकार्डधारकांना मिळतं, पण १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस कर्ज बंद झालं आहे आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी वर्षाला २०,५०० डॉलरची मर्यादा आहे. महागड्या खासगी कॉलेजाचा विचार करताना ही मर्यादा समोर ठेवा. सरकारच्या नर्स कोअर योजनेची शिष्यवृत्तीही नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांसाठीच आहे. ती मिळाली तर नर्सेसची टंचाई असलेल्या आरोग्य केंद्रात किमान दोन वर्षं काम करावं लागतं, आणि नव्या नर्स प्रॅक्टिशनरला शिकायला अशा केंद्रांसारखी जागा नाही.

पगाराचा अंदाज हवा असेल तर अमेरिकी श्रम विभागाचे मे २०२४ चे मध्यम आकडे असे: आरएन ९३,६०० डॉलर, नर्स प्रॅक्टिशनर, अॅनेस्थेटिस्ट आणि मिडवाइफ या तिघींचे मिळून १,३२,०५०. कॅलिफोर्नियात अनुभवी आरएनला यापेक्षा कितीतरी जास्त मिळतात, तेव्हा केवळ पगारासाठी हा मार्ग धरत असाल तर आपल्या राज्याचे आकडे काढून बघा.

अभ्यासक्रमाच्या आत

पाया तीन विषयांचा: प्रगत शरीरतपासणी (फिजिकल असेसमेंट), प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, प्रगत फार्माकॉलॉजी. सगळे यांना "थ्री पीज" म्हणतात. हे तिन्ही नोकरी पूर्ण ठेवून एकाच सेमिस्टरला घेऊ नका. फार्माकॉलॉजी कच्चं राहिलं तर पुढे प्रत्येक रोटेशनला ते टोचतं.

क्लिनिकल सुरू होण्याआधी लसीकरणाचे कागद मागतात. आपल्याकडच्या लहानपणच्या लसींची कार्डं कुणाकडे नसतात. गोवर, कांजण्या, हेपॅटायटिस बी यांच्या रक्तातल्या टायटर (प्रतिकारशक्ती आहे का ते दाखवणाऱ्या) तपासण्या करून घ्या. टीबीसाठी त्वचेवरची चाचणी नको म्हणा. बीसीजी घेतलेल्यांना ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्सरेंचा फेरा मागे लागतो. रक्ताची आयजीआरए चाचणी मागून घ्या.

दवाखान्यात पहिल्या आठवड्यात काय बदलतं ते एका पेशंटवरून सांगते. अडीच वर्षांची मुलगी, वजन १२ किलो, कालपासून उजवा कान दुखतोय, ताप १०१. आरएन म्हणून तुम्ही वजन, ताप, वेदना नोंदवून लिहून दिलेलं औषध द्याल. आता कानात बघायचं तुम्हाला. पडदा लाल आहे, पण मूल रडलं तरी पडदा लाल होतो. तो फुगला आहे का, मागे पू आहे का, हवेचा दाब दिल्यावर हलतो का? मध्यकर्णाचा संसर्ग आहे असं ठरलं, तरी दोन वर्षांवरच्या, दुखणं सौम्य असलेल्या, एरवी ठणठणीत मुलाला अँटिबायोटिक न देता वेदनाशामक देऊन ४८ ते ७२ तास वाट बघणंही मान्य आहे. ते आईला पटवून द्यायचं, आणि कधी परत यायचं ते नेमकं सांगायचं. द्यायचंच ठरलं तर अमॉक्सिसिलिन किलोला दिवसाला ९० मिलिग्रॅम धरून १,०८० मिलिग्रॅम, दोन वेळांत ५४० प्रत्येकी, ५ मिलिलिटरमध्ये ४०० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर एका वेळी पावणेसात मिलिलिटर. त्याआधी पेनिसिलिनची अॅलर्जी विचारली का?

हे सगळं प्रीसेप्टरसमोर दोन मिनिटांत मांडायचं असतं: कोण, काय होतंय, तपासणीत काय सापडलं, मला काय वाटतं, दुसरं काय असू शकतं, आणि मी काय करणार. महाराष्ट्रात शिकलेल्या मुली पहिल्या चार गोष्टी उत्तम सांगतात आणि "मी काय करणार" इथे अडतात. आपण ज्या वॉर्डात घडलो तिथे राउंडला सर आले की सिस्टर फाइल घेऊन मागे उभी. निदान तोंडातून काढणं हे तिचं कामच नव्हतं. ती सवय मोडायला वेळ लागतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण रोज एकदा तरी प्रीसेप्टरने विचारण्याआधी आपला उपाय बोलून दाखवा. चुकला तर दुरुस्त करायला ते शेजारी आहेत, पुढे ते नसणार.

आपली भाषा आणि घरची माहिती इथे खरी ताकद ठरते. भात सोडूनही आजींची साखर का वाढते, हे त्यांना उपासाच्या साबुदाणा खिचडीविषयी विचारण्याचं सुचणाऱ्या मुलीलाच कळतं.

दिवसाचे तास, पेशंटचं वय आणि निदान यांची नोंद त्याच संध्याकाळी करा. आठवड्याभराचं साचलं की तपशील आठवत नाहीत, आणि प्रीसेप्टरची सही नसलेले तास बाद होतात.

परीक्षा, लायसन्स, पहिली नोकरी

एफएनपी सर्टिफिकेशनच्या परीक्षा दोन आहेत, दोन वेगळ्या संस्थांच्या, पैकी एक पास व्हावी लागते. एएएनपीसीबीची परीक्षा १५० प्रश्नांची, तीन तासांची आणि जवळजवळ पूर्ण क्लिनिकल. एएनसीसीच्या परीक्षेत त्याबरोबर संशोधन, धोरण आणि व्यावसायिक जबाबदारीचे प्रश्नही येतात. दोन्ही सगळ्या राज्यांत चालतात. पेशंट बघण्यातच मन असणाऱ्यांना मी पहिली सुचवते. सर्टिफिकेशन पाच वर्षं टिकतं. शेवटच्या क्लिनिकलनंतर दोन-तीन महिन्यांत परीक्षा देऊन टाका, जितकं लांबवाल तितकं विसराल.

त्यानंतर राज्याचं एपीआरएन (प्रगत नर्सचं) लायसन्स, एनपीआय हा ओळख क्रमांक आणि नियंत्रित औषधं लिहिण्यासाठीची डीईए नोंदणी, जिची फी तीन वर्षांना ८८८ डॉलर आहे. डीईएसाठी व्यसनोपचाराचं आठ तासांचं प्रशिक्षण जून २०२३ पासून सक्तीचं आहे. कॉलेजच्या अभ्यासक्रमात ते झालं असेल तर तसं पत्र घेऊन ठेवा. विमा कंपन्यांकडे नाव नोंदवायला आणखी काही महिने जातात, म्हणून नोकरी पक्की झाली तरी पहिला पेशंट लगेच दिसत नाही. घरखर्चाची तेवढी तरतूद करून ठेवा.

अधिकार राज्याराज्यांत वेगळे आहेत. वॉशिंग्टन आणि अॅरिझोनात तुम्ही स्वतंत्रपणे काम करू शकता. न्यूयॉर्कमध्ये ३,६०० तासांनंतर डॉक्टरांशी लेखी कराराची अट सुटते. इलिनॉयमध्ये ४,००० तास आणि २५० तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. टेक्सासमध्ये औषधं लिहायला डॉक्टरांशी करार लागतो, आणि तो किती अनुभव झाला तरी सुटत नाही. नोकरीच्या मुलाखतीत विचारा की हा करार कोणते डॉक्टर करणार, ते त्याच इमारतीत असतात का, अडलं तर फोन उचलतात का.

पहिल्या नोकरीत पगारापेक्षा सुरुवातीचे महिने बघा. दिवसाला आठ-दहा पेशंटपासून सुरू करून हळूहळू वाढवणारी जागा दोन-चार हजार डॉलर कमी देत असली तरी घ्या. पहिल्याच आठवड्यापासून वीस पेशंट लावणाऱ्या जागेत नवी मुलगी पिचून जाते, आणि पेशंटचीही आबाळ होते.

करारात दोन कलमं शोधा. नोकरी सोडल्यावर किती मैलांत, किती काळ काम करता येणार नाही, हे पहिलं. दुसरं व्यावसायिक विम्याचं. तो "क्लेम्स-मेड" प्रकारचा असेल तर नोकरी सुटल्यानंतर येणाऱ्या दाव्यांसाठी "टेल" संरक्षण वेगळं विकत घ्यावं लागतं आणि ते महाग असतं. ते कोण भरणार, हे करारात लिहून घ्या, मगच सही करा.